पंप गेलाय म्हणे!

काही वाक्यं अशी असतात, की ती कानावर पडली की आपण बायका पुढे काही विचारतच नाही. फ्रिजवाला म्हणतो, ‘कॉम्प्रेसर गेलाय.’ मिक्सरवाला म्हणतो, ‘कॉइल जळलंय.’ आणि अलीकडे गॅरेजवाला म्हणतो, ‘ताई, पंप गेलाय, बदलावा लागेल.’ आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘किती होतील?’ आणि दुसरा, ‘गाडी कधी मिळेल?’ ‘कशावरून गेलाय?’ हा तिसरा प्रश्न मात्र ओठांवर येत नाही. आला तरी विचारायची लाज वाटते. आपल्याला त्यातलं काय कळतंय, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

गंमत बघा, मेथीची जुडी घेताना आपण ती उलटून बघतो, पिवळी पानं दिसली तर दुसरी मागतो. साडीचा पदर उलटा करून वीण तपासतो. सोनाराकडे काटा शून्यावर आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघतो. आणि काही हजारांचा पंप मात्र नुसत्या तोंडी शब्दावर बदलून घेतो! माझं म्हणणं एवढंच आहे, की पंप बदलायच्या आधी ‘दाखवा’ म्हणायला आपण शिकलं पाहिजे. त्यासाठी इंजिनिअर व्हायची गरज नाही.

आधी हा पंप आपल्या आयुष्यात आला कुठून ते सांगते. चारचाकीत तो बऱ्याच वर्षांपासून आहे. आपल्या स्कूटीत मात्र तो अलीकडचा पाहुणा. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, ज्यांना आपण बीएस-सिक्स म्हणतो. त्याआधीच्या स्कूटरला कार्बोरेटर असायचा. पेट्रोल आपसूक किंवा इंजिनच्या ओढीनं त्याच्यापर्यंत पोहोचायचं. सकाळी गाडी चालू झाली नाही की चोक ओढायचा, चार किका मारायच्या, फार तर प्लग काढून पुसायचा. एवढं ज्ञान आपल्यातल्या पुष्कळ जणींनी कमावलं होतं. नव्या नियमांनंतर बहुतेक दुचाक्यांमध्ये कार्बोरेटर जाऊन त्याच्या जागी इंजेक्टर आला. हा इंजेक्टर पेट्रोलचा बारीक फवारा मारतो, आणि फवारा मारायचा म्हणजे मागून जोर हवा. तो जोर देतो टाकीत बसवलेला विजेवर चालणारा छोटा पंप.

हा जोर किती असतो? बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण तीन बार. म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो त्याहूनही जास्त दाब. आपण गाडीला किल्ली लावून फिरवतो तेव्हा दोनेक सेकंद ‘झूंऽऽ’ असा बारीक आवाज येतो ना, तो या पंपाचा. पेट्रोल दाबानं नळीत भरून ठेवायचं काम तो करत असतो. हा आवाज रोज कानावर पडतो, पण आपण तो कधी मुद्दाम ऐकलेला नसतो. उद्या सकाळी किल्ली फिरवाल तेव्हा दोन सेकंद थांबा आणि ऐका. गाडी चांगली असताना आवाज कसा येतो हे माहीत असेल, तरच बिघडल्यावर फरक कळेल. कुकरची शिट्टी बिघडली की आपल्याला आतल्या खोलीत कळतं, तसंच आहे हे.

आता दुखणं ओळखायचं कसं? पंप खरंच थकत चालला असेल तर तो बहुधा एकदम दगा देत नाही, आधी कुरकुर करतो. गाडी चालू व्हायला वेळ लागतो. वेग वाढवला की झटके मारते. चढावर, डबलसीट असताना पिकअप मिळत नाही. उन्हाळ्यात तासभर चालवल्यावर गाडी बंद पडते आणि सावलीत अर्धा तास ठेवली की गुमान चालू होते. विदर्भ-खानदेशातल्या मैत्रिणींना मे महिन्यातला हा अनुभव असेल. कधी टाकीतून येणारा बारीक आवाज चिरका, मोठा होतो.

पण मैत्रिणींनो, खरी मेख पुढे आहे. हीच लक्षणं दुसऱ्या कितीतरी कारणांनीही दिसतात. पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी किंवा फिल्टर गाळानं भरला, तरी गाडी असंच करते. प्लग खराब झाला, एअर फिल्टर धुळीनं बुजला, इंजेक्टर चोंदला, तरी झटके बसतात. बॅटरी कमजोर झाली तर पंपाला पुरेशी वीजच मिळत नाही. वायरीचं एखादं कनेक्शन सैल असेल, त्यावर गंज चढला असेल, तर गाडी खड्ड्यात आदळली की बंद आणि पुन्हा आदळली की चालू! डोकं दुखतंय म्हणजे चष्म्याचा नंबर वाढलाय, की पित्त झालंय, की ताप येणार आहे? डॉक्टर आधी तपासतात, मग चिठ्ठी लिहितात. गाडीलाही तोच न्याय लावायला नको का?

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं उदाहरण सांगते. त्या डबे पोहोचवतात. दुपारी बारा ते दोन ही त्यांची कमाईची वेळ. स्कूटी नेमकी त्याच वेळी रस्त्यात बंद पडू लागली. गॅरेजमध्ये गाडी नेली, तिथल्या माणसानं पाच मिनिटं सेल मारून बघितला आणि सांगितलं, ‘पंप गेलाय.’ ताईंनी गटातून कर्ज उचललं, पंप बदलला. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा भर चौकात उभी. मागे अठरा डबे! दुसऱ्या गॅरेजमध्ये नेल्यावर त्या माणसानं आधी बॅटरीपाशी हात घातला. बॅटरीच्या टोकाला हिरवट-पांढरी बुरशी धरली होती आणि तिथली वायर सैल होती. घासून, आवळून दिली. त्यानंतर गाडीनं आजवर तक्रार केलेली नाही. जुना पंप कुठे गेला, म्हणून विचारायला ताई पहिल्या गॅरेजात गेल्या तर उत्तर मिळालं, ‘तो भंगारात गेला.’ दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, दुसरं काय!

पैसे गेले याचं दुःख आहेच. पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच झालं. दोन घरांनी डबा बंद केला. आणि घरात ऐकावं लागलं ते वेगळंच, ‘तुला गाडीतलं काही कळत नाही, म्हणून फसवतात.’ खरं म्हणजे त्या गॅरेजवाल्यानं घरच्या पुरुषालाही तेच सांगितलं असतं आणि त्यांनीही मुकाट्यानं पैसे मोजले असते. फरक एवढाच, की पुरुष फसला तर ‘आजकाल माणसं अशीच’ आणि बाई फसली तर ‘बाईला काय कळतंय!’

मग आपण काय करायचं? गाडी बंद पडली की ढकलत गॅरेजकडे निघण्याआधी काही गोष्टी जागच्या जागी बघता येतात. टाकीत पेट्रोल आहे का? हसू नका, काटा अडकतो कधीकधी. साइड स्टँड वर घेतलाय का? बऱ्याच नव्या गाड्यांत तो खाली असला तर इंजिन चालूच होत नाही. हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण मुलांनी खेळता खेळता दाबलं नाही ना? गाडी नुकतीच आडवी पडली होती का? काही गाड्यांमध्ये पडल्यावर पेट्रोल बंद करणारा सेन्सर असतो. अशा वेळी गाडी उभी करून किल्ली बंद करून पुन्हा फिरवायची. हॉर्न नेहमीसारखा वाजतोय का? तो बसक्या आवाजात वाजला तर संशय आधी बॅटरीवर घ्या. आणि मग किल्ली फिरवून तो ‘झूंऽऽ’ ऐका.

आवाज आलाच नाही, तर लगेच पंप मेला असं समजायचं नाही. पंपापर्यंत वीज पोहोचत नसेल हीही शक्यता आहे. फ्यूज उडाला असेल, रिले खराब असेल, वायर तुटली असेल. फ्यूज दहा-वीस रुपयांचा असतो. म्हणून गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हा विचारायचा, ‘दादा, फ्यूज आणि रिले बघितला का? पंपाच्या कनेक्टरवर वीज येतेय का, ते मीटर लावून दाखवता का?’ वीज नीट पोहोचतेय, दुसरी वायर नीट अर्थ होतेय आणि तरीही पंप फिरत नाही, तर मग पंप गेला हे म्हणणं पटण्यासारखं आहे.

याच्या उलटही होतं बरं का. आवाज येतोय म्हणून पंप ठणठणीत, असंही नाही. म्हातारा झालेला पंप फिरतो, आवाजही करतो, पण पुरेसा दाब देत नाही. तिथे एकच खरी परीक्षा, पेट्रोलच्या नळीला प्रेशर गेज लावून दाब मोजायचा. त्या गाडीला किती दाब हवा हे कंपनीच्या सर्व्हिसच्या पुस्तकात दिलेलं असतं. तीन हवा आणि दीड दिसतोय, तरी लगेच निकाल नाही; आधी जाळी-फिल्टर साफ आहे ना, नळी गळत नाही ना, हे बघायचं. त्यानंतरही दाब चढला नाही तर पंप बदलायला हरकत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेच्या मोटारीच्या वेळी तिथल्या मेकॅनिकनं तिला बोलावून गेजचा काटा दाखवला. ती म्हणाली, ‘पैसे मोठे गेले, पण मनाला लागलं नाही. मी डोळ्यांनी बघितलं होतं.’ मला वाटतं, सगळं सार या वाक्यात आहे.

एक सूचना मात्र कळकळीची. हे सगळं आपण विचारायचं, बघायचं. पण टाकी आणि पंप घरी उघडायचा नाही. पेट्रोल आहे ते. नळीत दाब असतो, फवारा अंगावर उडू शकतो आणि एक ठिणगी पुरेशी असते. यूट्यूब बघून अंगणात गाडी खोलणाऱ्या मुलालाही आवरा. गॅरेजमध्येही पंप काढताना बॅटरीची वायर सोडली आहे ना, आसपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, हे बघायला काहीच हरकत नाही.

पंप बदलायचाच ठरला, तर तिथेही चार गोष्टी पदरात पाडून घ्यायच्या. एक, नवा पंप आपल्यासमोर खोक्यातून काढायचा. गाडीच्या मॉडेलला तोच लागतो ना, हे पार्ट नंबरवरून ताडून बघायचं. स्वस्तातला डुप्लिकेट पंप म्हणजे दुसऱ्या खर्चाची सोय. दोन, पंपाबरोबरची रबरी रिंगही नवी हवी. जुनी रिंग पेट्रोलनं फुगलेली असते, पुन्हा नीट बसत नाही आणि मग पेट्रोलचा वास येत राहतो. तीन, टाकीच्या तळाचा गाळ काढून घ्यायचा, नाहीतर नव्या पंपाचीही जाळी बुजणार. चार, जुना पंप आणि पक्कं बिल मागून घ्यायचं. पैसे आपण दिलेत, जुना पार्ट आपला आहे. बिल मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पण हातात बिल नसेल तर तक्रार करणार कशाच्या जोरावर?

आणखी एक गोष्ट कितीतरी जणींना ठाऊक नसते. कधीकधी पंपात मुळातच दोष असतो आणि कंपनी तो फुकट बदलून देते. जून २०२० मध्ये होंडानं आपल्याकडच्या ६५ हजारांहून अधिक मोटारी पंप बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. पंपाच्या आतलं फिरतं पातं सदोष असल्याची शंका होती. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीनं वॅगन आर आणि बलेनो मिळून १ लाख ३४ हजार ८८५ गाड्या पंपाच्याच तपासणीसाठी बोलावल्या, आणि मार्च २०२४ मध्ये याच दोन मॉडेल्सच्या आणखी सोळा हजारांवर. म्हणून पंपावर पैसे घालण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा शोरूमला फोन करून आपल्या गाडीचा चासी नंबर सांगायचा आणि विचारायचं. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं.

आता थोडं आपल्या सवयींबद्दल. हा पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. टाकी सतत तळाला असली की पंप तापतो आणि तळातला गाळही ओढतो. एका दिवसात काही होत नाही, पण वर्षानुवर्षं तसंच चालवलं की त्याचं आयुष्य कमी होतं. गाडीची पुस्तिका काढून वाचा. काटा लालमध्ये जायच्या आधी पेट्रोल भरायचं, एवढा नियम केला तरी पुष्कळ झालं.

आणि इथेच मला खरं बोलायचंय. पन्नासचं, शंभरचं पेट्रोल कोण भरतं? बहुतेक वेळा आपणच! घरातल्या मोटारसायकलची टाकी महिन्याच्या सुरुवातीला भरते आणि स्कूटीला मात्र भाजीतून उरलेल्या पैशांतलं पेट्रोल. काटा लालमध्ये ठेवून गाडी चालवायची सवय आपल्याला हौस म्हणून लागलेली नाही. मुलांना शाळेत सोडायचं, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं, दळण आणायचं, बँकेत जायचं, ही सगळी घराची कामं. मग त्या गाडीचं पेट्रोल आणि सर्व्हिसिंग घरखर्चाच्या यादीत किराण्याच्या शेजारी का नसावं? पंप जळाल्यावर हजारो रुपये काढून देणारं घर महिन्याला चारशे रुपये आधी का काढत नाही? हा हिशेब एकदा घरात सगळ्यांसमोर मांडायला हवा.

किराणा दुकानात बाटलीतून मिळणारं पेट्रोलही टाळा. त्यात कचरा, पाणी काय असेल सांगता येत नाही. आपल्याकडे २०२५ मध्ये पेट्रोलमधल्या इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचलं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या राज्याला त्याचा फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच पेट्रोल घेतो. म्हणून पावसाळ्यात टाकीचं झाकण नीट बसतंय ना, हे बघा. महिनोन्महिने गाडी नुसती उभी ठेवू नका. गाडी जुनी असेल तर रबरी नळ्या अधूनमधून तपासून घ्या.

गॅरेजवाल्यांवर मी उगाच आगपाखड करतेय असं कुणाला वाटेल. तसं नाही. आपल्या छोट्या गावांतले बहुतेक मिस्त्री कार्बोरेटरवर शिकलेले, उस्तादाच्या हाताखाली घडलेले. नवी गाडी आली, पण नवं शिक्षण आणि गेजसारखी हत्यारं त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. मग ‘हे बदलून बघू, ते बदलून बघू’ सुरू होतं. तो माणूस लबाडच असतो असं नाही, तो अंदाज बांधत असतो. पण त्याच्या अंदाजाचे पैसे आपण का द्यायचे? आपण विचारू लागलो तर त्यालाही मीटर-गेज घ्यावंसं वाटेल. गिऱ्हाईक शहाणं झालं की दुकानदार सुधारतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

‘बायकांना हे कशाला हवं?’ असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई नवऱ्यानं बनवलेली मोटार, त्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्त्झहाइमला घेऊन गेली. सुमारे शंभर किलोमीटर! तोवर इतक्या लांब मोटारीनं कुणी गेलं नव्हतं. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिनं ते औषधाच्या दुकानातून घेतलं, आणि इंधनाची नळी चोंदली तेव्हा टोपीची पिन काढून ती साफ केली. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासात पेट्रोल कुठे अडलंय हे शोधलं ते एका बाईनं! आणि आपल्याला म्हणतात, हे बायकांचं काम नव्हे.

आमच्या गटानं आता ठरवलंय, की एका बैठकीला गावातल्याच एका चांगल्या मेकॅनिकला बोलवायचं, एक स्कूटी मध्ये उभी करायची आणि फ्यूज कुठे, बॅटरी कुठे, पंप कुठे, हे प्रत्येकीनं हात लावून बघायचं. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा असा एक तास वाटला तर? तुमच्या मंडळात, भिशीत, सोसायटीत हे सहज जमेल.

पंप लोखंड-प्लास्टिकचा आहे, तो कधीतरी जाणारच, आणि खरंच गेला असेल तर बदलावाही लागेल. आपण फक्त शांतपणे, न लाजता म्हणायचं, ‘दादा, बदला, पण आधी दाखवा.’

जो खरा कारागीर असेल, तो आनंदानं दाखवेल. जो दाखवणार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊन निघायचं. गावात दुसरं गॅरेज असतंच.